घरगुती उपग्रह तबकडी (नांदेड व लातूर)

घरगुती उपग्रह तबकडी (डिश अँटेना, बोलीभाषेत छत्री) हे भूस्थिर उपग्रहांवरून येणारे दूरचित्रवाणी संकेत घरी थेट ग्रहण करण्याचे साधन आहे. मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतून आग्नेय ते नैऋत्य या पट्ट्यातील अनेक देशी-विदेशी उपग्रहांकडे तबकडी रोखता येते. त्यामुळे केबल न पोहोचलेल्या वाडी-तांड्यांवरही विदेशी वाहिन्या ग्रहण करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते. प्रत्यक्षात कोणती वाहिनी दिसेल, हे उपग्रहाचे प्रक्षेपण क्षेत्र, तबकडीचा आकार आणि संकेत कूटबद्ध आहे की नाही, यांवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

भारतात खेड्यांपर्यंत उपग्रहाद्वारे थेट दूरचित्रवाणी प्रथम १९७५-७६ मध्ये 'साइट' प्रयोगातून पोहोचली. सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत जाळीच्या सुमारे १० फूट व्यासाच्या तबकड्या बसवल्या गेल्या. त्यांत महाराष्ट्र नव्हता. मात्र शेजारचे कर्नाटक व तत्कालीन आंध्र प्रदेश होते. एप्रिल १९९० मध्ये एशियासॅट-१ हा उपग्रह सोडण्यात आला आणि १९९१ मध्ये त्यावरून स्टार टीव्हीच्या वाहिन्या सुरू झाल्या. बीबीसीची वृत्तवाहिनी त्यांपैकीच होती. २ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू झालेली झी टीव्ही ही हिंदी वाहिनीही आरंभी परदेशातूनच उपग्रहावर पाठवली जात असे. मोठी तबकडी महाग असल्याने बहुतेक घरांना हे प्रसारण केबलचालकांमार्फत मिळे.

१९९७ मध्ये केंद्र सरकारने केयू-बँडवरील थेट घरगुती ग्रहणास मनाई केली. ती २०००मध्ये उठवण्यात आली. २००३ मध्ये डिश टीव्ही आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची विनाशुल्क सेवा (सध्याचे नाव डीडी फ्री डिश) सुरू झाल्यावर सुमारे ६० सेंमीची छोटी तबकडी गावोगावी दिसू लागली.

दिशा व कोन

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किमी उंचीवर असतो व पृथ्वीवरून स्थिर भासतो. खालील कोन दोन्ही शहरांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढलेले व अंदाजे आहेत. दिगंश उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने, तर उन्नतांश क्षितिजापासून वर मोजला आहे.

| उपग्रहाचे स्थान | नांदेड: दिगंश / उन्नतांश | लातूर: दिगंश / उन्नतांश |
|---|---|---|
| ६८.५° पूर्व (इंटेलसॅट मालिका) | २०५° / ६५° | २०४° / ६६° |
| ९३.५° पूर्व (जीसॅट-१५, डीडी फ्री डिश) | १३८° / ६१° | १३६° / ६१° |
| १०५.५° पूर्व (एशियासॅट मालिका) | १२१° / ५१° | १२०° / ५१° |

साहित्य

केयू-बँडसाठी लहान, तर सी-बँडसाठी साधारणतः ६ ते १२ फूट व्यासाची तबकडी लागते. अनेक विदेशी वाहिन्या सी-बँडवर असल्याने डीटीएचची छोटी तबकडी त्यांच्यासाठी पुरत नाही. तबकडीच्या नाभीवरील एलएनबी संकेत वाढवून त्याची वारंवारता कमी करतो आणि समाक्ष (कोअॅक्सियल) केबल तो सेट टॉप बॉक्सपर्यंत नेते. सी-बँड व केयू-बँड यांचे एलएनबी वेगळे असतात.

उभारणी

प्रथम उपग्रहाच्या दिशेने झाड किंवा इमारत आड येत नाही, हे पाहतात. उन्नतांश ५१° असताना तबकडीपेक्षा १० मीटर उंच असलेले झाड किमान ८ मीटर दूर असावे लागते. खांब ओळंब्याने पूर्ण उभा करणे महत्त्वाचे असते. तो कलल्यास दोन्ही कोन चुकतात. त्यानंतर होकायंत्राने दिगंश साधून तबकडी हळूहळू फिरवतात, बॉक्सवरील संकेताची गुणवत्ता पाहत उन्नतांश ठरवतात आणि शेवटी एलएनबी फिरवून ध्रुवण जुळवतात. मोठ्या तबकडीत एका अंशाची चूकही संकेत घालवू शकते. मध्यभागी एलएनबी नसलेल्या ऑफसेट तबकडीचा पृष्ठभाग उन्नतांशाच्या मानाने अधिक उभा दिसतो, त्यामुळे त्यावरील अंशपट्टीच वाचावी लागते.

मोठी तबकडी वारा अडवते. मातीच्या जड माळवदावर तिचा भार टाकणे धोक्याचे असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाड दगडी भिंती व माळवदाची घरे मोठ्या प्रमाणावर कोसळली होती. अशा घरी अंगणात काँक्रीटच्या पायात खांब रोवणे अधिक सुरक्षित ठरते. वळवाच्या पावसात विजेचा धोका असल्याने खांबाला अर्थिंग देतात आणि वादळापूर्वीच केबल बॉक्सपासून काढून ठेवतात. विजा चमकत असताना तबकडीला किंवा केबलला हात लावणे टाळावे.

ग्रहणातील अडथळे

जोरदार पावसात केयू-बँडचा संकेत क्षीण होतो. सी-बँडवर हा परिणाम बराच कमी असतो. मार्चच्या पूर्वार्धात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या आरंभी काही दिवस सूर्य उपग्रहाच्या मागे येतो व चित्र काही मिनिटे जाते. हा तबकडीतील बिघाड नसतो.

कायदेशीर बाजू

केबलचालकांचे नियमन १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी जाळे (नियमन) कायद्याने होते. केबल वा डीटीएचवरून विदेशी वाहिनी दाखवण्यासाठी तिची केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे परवानगी असावी लागते. मुक्त संकेत आणि कूटबद्ध संकेत यांत मूलभूत फरक आहे: सशुल्क वाहिनीचे संरक्षण हक्कभंगाच्या हेतूने तोडणे, हा २०१२ मध्ये सुधारलेल्या प्रताधिकार कायद्यानुसार दंडनीय गुन्हा आहे. त्यामुळे संकेत छतापर्यंत पोहोचतो, एवढ्यावरून तो पाहण्याचा हक्क मिळत नाही.