केशनिर्मूलन आणि मधुमेह

केशनिर्मूलन आणि मधुमेह : डोक्यावरचे वा अंगावरचे केस काढताना मधुमेही व्यक्तीने घ्यायची काळजी. केस काढायला मधुमेहात बंदी नाही. जपायचे असते ते कातडीला.

केस काढण्याचा एक प्रसंग म्हणजे देवळातले मुंडन. तमिळनाडूत कुंभकोणमजवळ स्वामीमलै आहे. मुरुगनाच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, सहा मुख्य क्षेत्रांपैकी हे एक. नवस फेडताना मुरुगनाला केस अर्पण करण्याची रीत तमिळनाडूभर आहे. तिथे मुंडनाला ‘मोट्टै’ म्हणतात आणि मुंडन झाले की डोक्याला चंदनाचा लेप लावतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार तमिळनाडूतल्या २० वर्षांवरील १४.४ टक्के लोकांना मधुमेह आहे. गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, तर देशात ११.४ टक्के आहे. म्हणजे वस्तऱ्याखाली डोके देणाऱ्या प्रौढांत मधुमेही थोडेथोडके नसणार.

रक्तातली साखर सतत चढी राहिली, की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात आणि जखम भरायला वेळ लागतो. केसाच्या मुळाशी जंतू शिरून केसतूड होते, ते चिघळते. पायांच्या नसा बधिर झाल्या असतील, तर कापलेले वा भाजलेले कळतही नाही. धोका आहे तो या न कळण्यात.

म्हणून बधिर पायांवर गरम वॅक्स लावू नये आणि वस्तराही फिरवू नये. ट्रिमर त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण तो कातडी खरवडत नाही. शस्त्रक्रियेआधी केस काढावेच लागले तर वस्तरा टाळून क्लिपर वापरावा, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये सांगितले आहे. केस काढण्याचे क्रीम आधी थोड्याशा जागी लावून २४ तास वाट पाहावी. जखमेवर ते लावूच नये. इन्सुलिन टोचायच्या किंवा साखर मोजणारा सेन्सर लावायच्या जागी केस नुसते कातरले तरी पुरते. लेझर करायचे असेल तर साखर आटोक्यात आणून, त्वचारोगतज्ज्ञाला मधुमेहाची कल्पना देऊनच करावे. सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-यॅग लेझर तुलनेने सुरक्षित असतो.

केस स्वतःही काही सांगतात. नडगीवरचे केस आपोआप झडले, तर पायाचा रक्तपुरवठा घटल्याची ती खूण असू शकते. स्त्रीच्या हनुवटीवर राठ केस येऊ लागले, तर पीसीओएस (बीजकोशांशी निगडित संप्रेरकांचा विकार) आणि त्यासोबतचा इन्सुलिन-रोध तपासायला हवा.

मुंडनाला बसताना पाते आपल्या डोळ्यांदेखत नवे लावून घ्यावे. सामाईक पात्यातून कावीळ ब व क आणि एचआयव्ही पसरू शकतात. सगळ्यांसाठी ठेवलेली तुरटी नको. डोक्याला खरचटले असेल, तर चंदन लावण्याआधी जखम साबण-पाण्याने धुवावी आणि त्या जागी लेप टाळावा. पुढचे काही दिवस घरातल्या कुणाकडून तरी डोके रोज पाहून घ्यावे. लाली पसरू लागली, पू झाला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.