हरलेल्या देशाचं लोणी

युरोपच्या प्रगतीचा विषय निघाला की आपण लँकेशायरच्या गिरण्या नाहीतर क्रुपच्या तोफांपाशी थांबतो. आज मी डेन्मार्कच्या लोण्याबद्दल बोलणार आहे. फौजी माणूस आणि लोणी? पण सुरुवात लढाईनेच होते.

१८ एप्रिल १८६४ ला प्रशियाने ड्युब्बोलचे मोर्चे घेतले. त्याच वर्षीच्या तहात श्लेसविग आणि होल्स्टाइन गेले, म्हणजे साधारण एक तृतीयांश मुलूख. पराभवानंतर एकमेकांवर खापर फोडण्यात अख्खी पिढी जाऊ शकते. जटलंडमध्ये मात्र एन्रिको डाल्गास हा फौजी इंजिनिअर रस्ते बांधता बांधता तिथल्या माळरानाची माती ओळखून बसला होता. १८६६ मध्ये त्याने साथीदारांसह संस्था काढून ओसाड माळ लागवडीखाली आणायला घेतला. निवृत्तीच्या दिवशी मला हा माणूस माहीत असायला हवा होता!

पुढे अमेरिकेचं स्वस्त धान्य आलं, भाव कोसळले. जर्मनीने १८७९ मध्ये जकात बसवली. डेन्मार्कने ते धान्य येऊ दिलं आणि गुरांना घातलं.

पण लोण्यात एक मेख होती. साय धरायला दूध स्थिर ठेवावं लागतं. गाडीत हिंदकळलेल्या दुधावर ती नीट येत नाही. त्यामुळे चांगलं लोणी बड्या जमीनदारांकडेच व्हायचं. १८७८ च्या सुमारास स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये सेपरेटर तयार झालं. दूध गरगर फिरवून साय वेगळी करायची, मग ते कितीही हिंदकळलेलं असो. आता प्रश्न असा, की चार गाईंचा धनी हे यंत्र घेणार कसं?

१८८२ मध्ये येडिंग गावच्या शेतकऱ्यांनी ते सामाईक घेतलं. घरापुरतं ठेवून बाकी सगळं दूध डेअरीत घालायचं. नफा दुधाच्या हिशोबाने, मत मात्र माणशी एक. गाई चार असोत की चाळीस. माझ्या मते खरा शोध हा होता. १९०० पर्यंत अशा डेअऱ्या हजारावर गेल्या. एवढा भरवसा आला कुठून? लोकशाळांत तरुण शेतकरी हिवाळाभर एकत्र राहून शिकत, तिथेच बराचसा आला असावा.

साय काढलेलं दूध घरी परत येई, ते डुकरांना. १८८७ मध्ये जर्मनीने डॅनिश डुकरांना बंदी घातली, तर त्याच वर्षी हॉर्सेन्सला सहकारी बेकन कारखाना निघाला आणि माल इंग्लंडला गेला.

उत्तर श्लेसविग १९२० मध्ये जनमताने परत आलं. डेन्मार्कला एकही गोळी झाडावी लागली नाही.