शिरेतील नळी आणि तदनंतरची देखरेख : लीथ येथील १८३२ चा प्रयोग

शिरेवाटे द्रव देण्याच्या उपचाराचा इतिहास बहुधा उपकरणांच्या क्रमाने सांगितला जातो. परंतु या उपचाराचा अगदी आरंभीचा वृत्तांत पाहिला असता निराळाच प्रश्न पुढे येतो : शिरेत नळी घातल्यानंतर रुग्णावर लक्ष कोणी ठेवावयाचे?

१८३१-३२ मध्ये ब्रिटनमध्ये पटकीची साथ पसरली. पटकीच्या रुग्णाच्या रक्तातील पाणी व क्षार फार घटतात, असे ओशॉनेसी याने रासायनिक परीक्षणाने दाखविले. हाच पुढे कलकत्त्यास कंपनीच्या सेवेत आला. त्याच्या निष्कर्षाच्या आधारे लीथचा वैद्य थॉमस लॅटा याने मे १८३२ मध्ये एका मरणोन्मुख वृद्धेच्या हाताच्या शिरेत नळी घालून क्षारयुक्त पाणी सोडले. अर्ध्या तासात सहा पिंट द्रव गेला. नाडी परत आली, चर्येवर तेज आले, ती बोलू लागली. धोका टळला असे मानून लॅटाने तिला रुग्णालयातील शल्यवैद्याच्या हवाली केले व तो विश्रांतीस गेला. थोड्याच वेळात वांत्या व जुलाब पुन्हा सुरू झाले आणि साडेपाच तासांत तिचा अंत झाला. उपचार पुन्हा केला असता तर ती वाचली असती, असे लॅटाचे मत होते. उपचार लागू पडला होता. खंड पडला तो देखरेखीत.

अर्थात सर्व दोष देखरेखीवर टाकणे योग्य होणार नाही. लॅटाचे द्रावण रक्ताच्या मानाने फार सौम्य होते आणि निर्जंतुकतेची कल्पनाच त्या काळी नव्हती. १८३३ मध्ये लॅटा वारला आणि ही पद्धती मागे पडली. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यास लिओनार्ड रॉजर्स याने अधिक तीव्र क्षारजल वापरून तिची उपयुक्तता सिद्ध केली. अशा द्रवांनंतर येणाऱ्या तापाचे कारण पाण्यातील जंतूंचे अवशेष होय, हे फ्लॉरेन्स सीबर्ट हिने १९२३ मध्ये दाखविले.

१९५० मध्ये मेयो क्लिनिकमधून धातूच्या सुईवर बसविलेल्या प्लॅस्टिकच्या नळीचे वर्णन प्रसिद्ध झाले. सुई काढून घेतली की मऊ नळी तेवढी शिरेत राहते. वृद्ध व क्षीण रुग्णांच्या शिरा नाजूक असतात. ताठ सुई हालचालीने त्या भेदते. त्यांना या नळीचा विशेष लाभ झाला. परंतु नळी जितकी दीर्घकाळ राहील, तितका शिरादाहाचा व जंतुसंसर्गाचा काळही वाढतो. म्हणून ती ठराविक दिवसांनी बदलण्याचा नियम रूढ झाला. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात ३,२८३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात मात्र नियमाने बदललेल्या आणि गरजेप्रमाणे बदललेल्या नळ्यांत शिरादाहाचे प्रमाण सारखेच, सुमारे ७ टक्के, आढळले.

या निष्कर्षाने क्षीण रुग्णास वारंवार टोचण्याची यातना टळते. पण गरज ओळखण्यासाठी जागा रोज पाहावी लागते. लाली, सूज वा वेदना दिसताच नळी काढणे, आणि प्रयोजन संपताच ती न ठेवणे, हे दिनदर्शिकेऐवजी डोळ्यांचे काम ठरते. लीथच्या त्या वृद्धेला उणे पडले ते हेच.