ओरेगॉनच्या वाटेवरचा टोल

अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या बैलगाड्यांचे चित्र सिनेमाने पक्के करून टाकले आहे: ओसाड माळ, एकटे कुटुंब, हातात बंदूक. ‘आम्ही कोणाच्या मिंधेपणाशिवाय उभे राहिलो’ हा अभिमान याच चित्रावर पोसला गेला. पण 1840 ते 1860 या काळात ओरेगॉन, कॅलिफोर्निया आणि युटाकडे गेलेल्या सुमारे 3 लाख लोकांचा प्रवास तपासला, तर वाट जसजशी मळत गेली तसतसा तो इतरांच्या आधाराने, आणि बऱ्याचदा रोख पैसे मोजून, झालेला दिसतो.

मिसुरीतल्या इंडिपेन्डन्सपासून ओरेगॉनमधल्या विलामेट खोऱ्यापर्यंत सुमारे 2000 मैल. गाडीची साटी जेमतेम दहा फूट लांब आणि चार फूट रुंद. लॅन्सफर्ड हेस्टिंग्जने 1845च्या मार्गदर्शिकेत माणशी 200 पौंड पीठ आणि 150 पौंड खारवलेले डुकराचे मांस घ्यायला सांगितले होते. म्हणजे चौघांचा शिधाच 1400 पौंडांचा. (याच हेस्टिंग्जच्या जवळच्या वाटेच्या नादी लागून 1846 मध्ये डॉनर तांडा सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकला, पिठाचा हिशेब मात्र हेस्टिंग्जला जमत होता.) बैलांवरचा भार कमी व्हावा म्हणून माणसे बहुतेक वाट पायीच तुडवत. खरी कसोटी लागे ती हे ओझे नदीपार नेताना, आणि नेमके तिथेच कोणीतरी पैसे घ्यायला उभे असे. नॉर्थ प्लॅट नदीवर 1847 मध्ये मॉर्मन तांड्याने आपली काही माणसे मागे ठेवून तर सुरू केली आणि इतरांच्या गाड्या मोबदला घेऊन उतरवल्या. स्नेक नदीच्या उताराशी शोशोनी लोक वाट दाखवत, सॅमन विकत. शेवटच्या टप्प्यात कोलंबिया नदीचा धोका टाळायचा तर 1846 पासून सॅम बार्लोचा रस्ता होता: गाडीमागे 5 डॉलर, जनावरामागे 10 सेंट.

यावर कोणी म्हणेल, 1843 मध्ये निघालेल्या हजारभर लोकांना कुठला रस्ता नि कुठली तर? खरे आहे, त्यांचे हाल मोठे होते. पण साउथ पासची खिंड फरच्या व्यापाऱ्यांना केव्हाच ठाऊक होती, फोर्ट लॅरामी आणि फोर्ट हॉल ही त्यांचीच ठाणी होती, आणि ओरेगॉनला पोचलेल्यांना फोर्ट व्हँकुव्हरच्या जॉन मॅक्लॉफलिनने धान्य, बियाणे उधारीवर दिले, तेही ब्रिटिश कंपनीचा नोकर असून. दुसरा आक्षेप हल्ल्यांचा. इतिहासकार जॉन उनरुह यांच्या मोजणीनुसार त्या दोन दशकांत मूलनिवासींच्या हातून 362 प्रवासी मेले, तर प्रवाशांच्या हातून 426 मूलनिवासी. भीती खोटी नव्हती, पण तांड्यांचा मोठा काळ ठरली ती रोगराई, विशेषतः 1849 नंतरची पटकी. गाड्यांचे रिंगणही बहुधा जनावरे पांगू नयेत म्हणून करत.

सर्वांत मोठा आधार कायद्याचा होता. अमेरिकी काँग्रेसच्या 1850च्या कायद्याने ओरेगॉनमध्ये आधीच येऊन वसलेल्या गोऱ्या जोडप्याला 640 एकर फुकट मिळाले, त्यातले निम्मे बायकोच्या नावावर. इथे मात्र पैसे पडले नाहीत. ज्यांची ती जमीन, त्या विलामेट खोऱ्यातल्या कालापुया मूलनिवासींशी करार मंजूर झाला 1855 मध्ये. तोवर गोऱ्यांची शेते उभी राहिली होती.