नवी गाडी झटके मारते, पिकअप घेत नाही? खोलायला देण्याआधी हे बघा

"गाडी घेऊन चार महिने झाले नाहीत, अन् रेस दिली की घुटमळते." ही तक्रार आता गावोगावी ऐकू येते. हायवे ओलांडताना गाडी मध्येच गप झाली आणि मागून उसाची ट्रॉली येत असली, तर जिवावरचंच काम. त्यामुळे दुखणं कुठं आहे हे मालकाला कळलं पाहिजे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियमाच्याच नव्या गाड्या विकल्या जातात. तेव्हा बहुतेक गाड्यांतला कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. टाकीतला इलेक्ट्रिक पंप पेट्रोल दाबानं इंजेक्टरला देतो. किती फवारायचं हे ईसीयू, म्हणजे छोटा कॉम्प्युटर ठरवतो. एक्सलेटर किती उघडला, इंजिन किती तापलं, सायलेन्सरच्या धुरात ऑक्सिजन किती, हे त्याला सेन्सर सांगतात. प्रदूषण कमी व्हावं म्हणून पेट्रोल अगदी मोजून मिळतं. म्हणून सकाळी थंड इंजिनवर किंवा कमी स्पीडला वरच्या गिअरमध्ये थोडी अडखळली तर लगेच घाबरू नका, गिअर उतरवून बघा. इथं चोक नाही आणि स्क्रू पिळून ट्युनिंगही होत नाही. जो मिस्त्री थेट पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतो, त्याच्याकडे ही गाडी देऊ नये असं माझं मत.

पहिला संशय पेट्रोलवर घ्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं (आपलाच ऊस फिरून आपल्या टाकीत येतो म्हणा). इथेनॉल पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. मग गाडी झटके मारते किंवा सुरूच होत नाही. शंका आली तर थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून, विडी-चुलीपासून लांब, स्थिर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर पाणी आहे. पंपावर फिल्टर पेपर मागायचा ग्राहकाला हक्क आहे. थेंब उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळीचा संशय. दुकानातलं बाटलीचं पेट्रोल अडीअडचणीलाच घ्या. टाकी कायम तळाला ठेवून फिरू नका, कारण तो पंप पेट्रोलमध्येच थंड राहतो.

चावी फिरवली की दोन-तीन सेकंद बारीक घुंईं आवाज येतो, तो पंपाचा. तो थांबल्यावर स्टार्टर मारा. आवाजच आला नाही तर फ्यूज, बॅटरी, वायरिंग बघायला सांगा. उतरलेल्या बॅटरीवर पंपाला जोर येत नाही.

मुरमाच्या रस्त्यावर रोज दूध घालायला जाणाऱ्यांनी एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच बघावा. तेलकट कागदाचा फिल्टर झटकून किंवा हवा मारून साफ होत नाही, बदलावाच लागतो. एक्सलेटरची केबल फार सैल असली तरी रेस उशिरा लागते, आणि हे काम फुकटात होतं. खड्ड्यात आदळल्यावर इंजिन एकदम बंद होत असेल तर साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल बसलाय का बघा. स्टँड खाली असताना इंजिन बंद करणारा तो स्विच बऱ्याच नव्या गाड्यांत असतो. आणि पोरांनी फटाके फोडणारा सायलेन्सर बसवला असेल तर आधी कंपनीचा परत लावा. ऑक्सिजनचा हिशोब तिथंच चुकतो.

मीटरवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा चालू गाडीत पेटून राहिला, तर थेट सर्व्हिस सेंटर गाठा. तिथं मशीन जोडून बिघाडाचा कोड वाचतात. वॉरंटीतल्या गाडीची वायर बाहेर कापू देऊ नका, नंतर क्लेम नाकारायला तेच कारण मिळतं. "पिकअप नाही" एवढंच न लिहिता जॉब कार्डवर किती स्पीडला, थंड की गरम इंजिनवर, किती किलोमीटरनंतर झटके येतात ते लिहून घ्या, आणि प्रत्येक वेळी त्याची प्रत मागा. दोन-तीन फेऱ्यांनंतरही टोलवाटोलवी चालली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तिथं हीच जॉब कार्डं कामाला येतात.