शून्य श्रेणीचा माल

साल 1938, कीव्ह. दाराशी ठाण मांडलेल्या दोन सिंहांना बगल देऊन तुम्ही युक्रेनियन कलेच्या सरकारी संग्रहालयात शिरता आणि दालनं सोडून थेट कोठार गाठता. इथं प्रेक्षकांना सक्त मनाई आहे. तुम्ही पुढच्या शतकातून आलात, म्हणून निभावतंय.

टेबलावर नोंदवही उघडी आहे. चित्रकाराचं नाव, चित्राचं नाव आणि मग गुन्हा: ‘फॉर्मॅलिस्ट’, ‘राष्ट्रवादी’, ‘जनतेचा शत्रू’. खारकीव्ह, ओडेसा, पोल्टावाच्या संग्रहालयांतूनही चित्रं इथं येऊन पडतायत. या साठ्याला म्हणतात ‘स्पेत्सफोंद’, म्हणजे खास साठा. चौकटीवरून सोडवलेला कॅनव्हास रुळावर गुंडाळला जातो, त्यावर दुसरा, मग तिसरा. एका गुंडाळीचं टोक सुटलंय. वाकून पाहिलंत तर बोटभर लाल रंग दिसतो, एवढंच. ओढून बघायचा मोह आवरा. रंगाचे पोपडे निघतील.

भित्तिचित्रकार मिखाइलो बॉयचुक यांना मात्र भेटता येणार नाही. तुम्हाला उशीर झाला. 13 जुलै 1937 रोजी त्यांना आणि त्यांचे शिष्य इव्हान पादाल्का, वासिल सेदल्यार यांना गोळ्या घातल्या. डिसेंबरात बॉयचुक यांची पत्नी सोफिया नालेपिन्स्का यांनाही. या मंडळींचं मोठं काम भिंतींवर होतं आणि भिंत काही गुंडाळता येत नाही. ती भित्तिचित्रं गेली ती गेलीच.

आता वर्षं भराभर उलटू द्या. जर्मन येतात, जातात. युद्धानंतर या चित्रांना शून्य श्रेणी मिळते. म्हणजे किंमत काही नाही, नष्ट केली तरी चालेल. तरीही कोणी ती जाळत नाही. शिक्का मारायला माणूस लगेच सापडतो, काडी ओढायला सापडत नाही. सरकारी खात्याच्या या ढिलाईचे आभार मानायची वेळ क्वचितच येते. साठच्या दशकात दिमित्रो होर्बाचोव्ह हा तरुण अभिरक्षक त्यातलं काही उलगडून बघू लागतो.

2015 मध्ये थांबा. इमारत तीच, पाटी ‘युक्रेनचं राष्ट्रीय कला संग्रहालय’. वर्षभरापूर्वी सरकारविरोधी आंदोलनात याच ह्रुशेव्हस्की रस्त्यावर टायर जळत होते. आत ‘स्पेत्सफोंद 1937–1939’ हे प्रदर्शन लागलंय. अभिरक्षकाच्या मागून माणसं सरकतात. नोंदवहीतल्या यादीवरून चित्रं कशी ओळखली, ते ती ऐकतात. तुम्ही चिठ्ठ्या वाचा. बॉयचुक, 1882–1937. पादाल्का, 1894–1937. सेदल्यार, 1899–1937. तिसऱ्या चिठ्ठीपाशी शेजारचा गडी वजाबाकी करतो आणि गप्प होतो. सेदल्यारनं ओक्साना पाव्हलेन्कोचं व्यक्तिचित्र काढलं होतं. ती स्वतः चित्रकार. चितारणारा अडतिशीत संपला, ती 1991पर्यंत जगली.

पुढचा मुक्काम ट्रकमध्ये. 15 नोव्हेंबर 2022. रशियाशी युद्ध चालू आहे आणि संग्रहालयातली चित्रं प्रदर्शनासाठी माद्रिदला निघालीत. तुम्ही कीव्ह सोडता आणि काही तासांतच शहरावर क्षेपणास्त्रं कोसळतात. रात्री रावा-रुस्काच्या नाक्यावर पोचावं, तर सीमा बंद! पलीकडे पोलंडच्या प्शेव्होदूव्ह गावात क्षेपणास्त्र पडून दोघं ठार झालीत. चालक फोनवर फोन लावतोय. मागं पेट्यांत बंद असलेली चित्रं आणि पुढं उघडायला तयार नसलेला दांडा: या प्रवासातला सर्वांत वाईट भाग हाच.

सीमा अखेर उघडते. 29 नोव्हेंबर, माद्रिदचं थिसेन-बोर्नेमिसा संग्रहालय. ऑलेक्झांडर बोहोमाझोव्ह यांच्या 1927 च्या चित्रापुढं तुम्ही उभे आहात. कामगार करवतींना धार लावतायत. भडक नारिंगी, जांभळा, हिरवा. ओंडके तिरपे, करवती उभ्या. सावलीलासुद्धा रंग आहे. करवतीला कानस लावणाऱ्या हातांकडे नीट बघा. कोणी प्रेक्षकांसाठी उभा राहिलेला नाही, सगळे कामात आहेत. बोहोमाझोव्ह 1930 मध्ये क्षयानं गेले. त्यांच्या पिढीचा हिशेब पाहता, ते अंथरुणावर गेले हे त्यांचं नशीबच म्हणायचं.