पानावरून वृक्षाकडे

झाड प्रत्यक्ष पाहून त्याला नाव द्यावे, हा वनस्पतिशास्त्राचा नेहमीचा क्रम. परंतु जो वृक्ष सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच पृथ्वीवरून नाहीसा झाला, त्याचे नामकरण खडकात उमटलेल्या पानावरूनच करावे लागते. ग्लॉसोप्टेरिसच्या इतिहासात या कार्याचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही दिसतात.

१८२८ साली फ्रेंच शास्त्रज्ञ अदोल्फ ब्रोंन्यार यांनी भारत व ऑस्ट्रेलिया येथील ठशांवरून हे नाव दिले. जिभेसारखा आकार, ठळक मध्यशीर आणि तिच्या दोन्ही अंगांस जाळीदार शिरा, एवढीच सामग्री त्यांच्यापुढे होती. बी नाही, खोड नाही, मूळ नाही. पान नेच्याचे वाटले, म्हणून ‘जीभ’ व ‘नेचा’ या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून नाव सिद्ध झाले.

या कथेत नागपूरचाही वाटा आहे. १८४५ पासून तेथे वास्तव्य करणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परिसरातील खडकांतून अशी पाने जमविली. ती विलायतेस गेली आणि १८६१ साली चार्ल्स बन्बरी यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध करून ‘ग्लॉसोप्टेरिस स्ट्रिक्टा’ ही जाती स्थापिली. शिरांचा कोन, जाळीची रुंदी, पानाचे टोक अशा खुणांवर जातिभेद ठरतो. एकाच झाडाच्या लहानमोठ्या पानांना निराळ्या जाती समजण्याचा धोका त्यात असतोच.

पुढे १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना मृत्यू पावलेल्या स्कॉट यांच्या तुकडीजवळ सुमारे १६ किलो दगड सापडले. त्यांतही हेच पान होते. अखेर १९५२ साली एड्ना प्लम्स्टेड यांनी दक्षिण आफ्रिकेतील पानांना जोडलेल्या फलनांगांचे वर्णन केले आणि हा नेचा नसून बीजधारी वनस्पती आहे, हे मत दृढ झाले. असा वृक्ष विस्तीर्ण महासागर ओलांडून सर्वत्र पसरणे कठीण. तेव्हा हे भूखंड एकेकाळी सलग होते, या विचाराला त्याने मोठा आधार दिला. आज उष्ण कटिबंधात असलेली नागपूरची भूमी त्या काळी दूर दक्षिणेस होती.

नाव आजही ‘नेचा’च सांगते, कारण नामकरणाच्या नियमांनुसार प्रथम दिलेले नाव टिकते. ब्रोंन्यार यांचे वर्गीकरण चुकले. परंतु शिरांचे वर्णन त्यांनी काटेकोरपणे केले होते. म्हणूनच सव्वाशे वर्षांनंतर दुसऱ्या खंडातील पान हाती येताच ते ओळखता आले. अनुमान बदलू शकते. निरीक्षण मात्र प्रामाणिकपणे नोंदविलेले असावे, म्हणजे पुढील पिढीला ते दुरुस्त करता येते.